गोल दिवे, क्रोम आणि थोडी आठवण: रेट्रो गाडी डिझाइन करणं इतकं अवघड का असतं?

नोव्हेंबर २०२५ मध्ये टाटा सिएरा परत आली. गाडी समोर आल्यावर फीचर्स आणि किमतीइतकीच चर्चा एका काचेची झाली. १९९१ च्या मूळ सिएरामध्ये मागच्या बाजूची काच वर छतापर्यंत वळत गेलेली होती. तीन दरवाजे, मागे ती भलीमोठी न उघडणारी काच, बस्स. गाडी लांबून दिसली तरी ओळखू यायची. नव्या सिएराला पाच दरवाजे आहेत, त्यामुळे तशी अखंड काच बसवायला जागाच नाही. मग डिझायनर लोकांनी काय केलं? काचेसोबत आजूबाजूचा भागही काळा केला, म्हणजे लांबून पाहिलं की जुन्या काचेचाच भास होतो.

काहींना ही हुशारी वाटली, काहींना फसवणूक. पण हा वाद फक्त सिएराचा नाही. जुन्या गाडीची आठवण करून देणारी नवी गाडी बनवायला घेतली की प्रत्येक डिझायनरसमोर हाच पेच येतो. आणि हल्ली या पेचात पगारी डिझायनरच पडतात असंही नाही. घरच्या कम्प्युटरवर गाड्या बनवणारी हजारो हौशी मंडळीसुद्धा त्यात पडतात. त्यांच्यात स्पर्धा होतात आणि 'एक स्टायलिश रेट्रो गाडी बनवा' हा त्यातला आवडता विषय असतो.

वरवर पाहिलं तर सगळ्यात सोपा विषय. गोल दिवे लावा, क्रोमची पट्टी लावा, दोन रंगांत रंगवा, झाली रेट्रो गाडी. प्रत्यक्षात बहुतेक जण इथेच आपटतात. का, ते समजून घेऊया.

कम्प्युटरवर गाडी 'बनवतात' म्हणजे काय?

'ऑटोमेशन' नावाचा एक गेम आहे. पूर्ण नाव 'ऑटोमेशन: द कार कंपनी टायकून गेम'. कॅमशाफ्ट सॉफ्टवेअर या कंपनीचा हा गेम २०१५ मध्ये स्टीमवर अर्ली ॲक्सेसमध्ये आला, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विकायला ठेवला. यात गाडी चालवायची नसते, बनवायची असते. आणि बनवायची म्हणजे अगदी मुळापासून.

सुरुवात इंजिनापासून. सिलेंडर किती, त्यांचा व्यास किती, पिस्टन किती अंतर वर-खाली जाणार, ब्लॉक लोखंडाचा की ॲल्युमिनियमचा, कार्ब्युरेटर की फ्युएल इंजेक्शन, सगळं तुम्ही ठरवायचं. मग ते इंजिन गाडीत पुढे बसवायचं की मागे, उभं की आडवं. ते मुळात त्या जागेत मावतं का, हेही बघायचं. त्यानंतर सस्पेन्शन, गिअर, ब्रेक, टायर, सीट. प्रत्येक निर्णयाबरोबर आकडे हलत राहतात: चालवायला किती सोपी, किती आरामदायी, किती सुरक्षित, किती टिकाऊ, बनवायला खर्च किती.

या सगळ्याला एक वर्ष चिकटलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापासून अलीकडच्या काळापर्यंतचं कुठलंही वर्ष निवडता येतं आणि त्या वर्षी जे तंत्रज्ञान होतं तेवढंच तुमच्या हातात येतं. १९५५ निवडलंत तर एअरबॅग विसरा.

बॉडीचं काम वेगळंच. तयार साचे असतात, ते ओढून-ताणून लांब, रुंद, बुटके करायचे. त्यावर दिवे, जाळी, हँडल, आरसे, बंपर चिकटवायचे. मुरलेली मंडळी एकच हेडलाइट बनवण्यासाठी डझनभर तुकडे एकावर एक रचतात. २०१८ पासून ही गाडी 'बीमएनजी ड्राइव्ह' या जर्मन गेममध्ये नेऊन चालवताही येते. बीमएनजीमध्ये धडक दिली की पत्रा खरोखर चेपतो, चाक वाकतं. त्यामुळे कागदावर झकास दिसणारी गाडी पहिल्याच वळणावर उलटली, असंही होतं.

स्पर्धेची पद्धत साधी असते. आयोजक एक अट लिहितो: वर्ष अमुक, बजेट तमुक, गिऱ्हाईक कोण आणि त्याला काय हवंय. स्पर्धक गाडीची फाइल पाठवतात. आयोजक त्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी सगळ्या गाड्या तपासतो, आकडेही आणि दिसणंही. बक्षीस म्हणाल तर बहुधा काहीच नाही. तरी लोक एका टेललाइटवर शनिवार-रविवार घालवतात.

समजा अट अशी आली: २००१ साली विकायची, १९६० च्या दशकाची आठवण करून देणारी, छोटी, दोन दरवाज्यांची गाडी. आता सुरुवात कुठून करणार?

जुनी स्टाईल ही स्टाईल नव्हतीच

आज आपण जिला 'रेट्रो लुक' म्हणतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टी त्या काळी कुणी सुंदर दिसाव्यात म्हणून केलेल्या नव्हत्या. त्या मजबुरी होत्या.

गोल हेडलाइटचंच घ्या. रेट्रोची पहिली खूण म्हणजे गोल दिवे, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण अमेरिकेत १९४० पासून सात इंची गोल सीलबंद दिवा हा नियमच होता. डिझायनरच्या मनात आलं तरी वेगळ्या आकाराचा दिवा लावता येत नव्हता. १९५० च्या दशकाच्या शेवटी दोनाऐवजी चार लहान गोल दिव्यांची मुभा मिळाली आणि लगेच अमेरिकन गाड्यांचे चेहरे बदलले. चौकोनी दिव्यांसाठी १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत थांबावं लागलं. म्हणजे ज्या गोल डोळ्यांवर आपण आज फिदा होतो, ते एका सरकारी नियमाचे डोळे आहेत.

मूळ मिनी बघा. १९५६ च्या सुएझ संकटानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली आणि कमी पेट्रोलमध्ये चालणारी छोटी गाडी हवी, अशी मागणी आली. ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं, चाकं अवघी दहा इंची घेतली आणि ती कोपऱ्यांत ढकलली. जेमतेम तीन मीटर लांबीच्या गाडीत चार माणसं बसली. पत्र्याचे जोड बाहेरच्या बाजूने दिसतात, कारण तसं जोडणं सोपं पडायचं. १९५९ ची ही गाडी 'क्यूट' दिसावी म्हणून कुणी बैठक घेतली नव्हती.

फ्रान्सच्या सिट्रोएन टू सीव्हीच्या बॉनेटवरच्या नळ्या-नळ्यांच्या पत्र्याचंही तसंच. पत्रा पातळ होता. आपल्याकडे घरावर घालायच्या पन्हळी पत्र्याला जसा त्या वळ्यांमुळे ताठपणा येतो, तसाच इथे आणला होता. १९५७ च्या फियाट ५०० चं कापडी छत? त्यानेही पत्रा वाचायचा.

रेट्रो गाडी बनवणाऱ्याची खरी अडचण इथे आहे. जुन्या डिझायनरने एक प्रश्न सोडवला आणि त्यातून एक आकार निघाला. तुम्ही तो आकार उचलता, पण प्रश्न मागेच राहतो. मग तो आकार गाडीवर उपऱ्यासारखा बसतो, लग्नात भाड्याने आणलेल्या फेट्यासारखा.

मग ज्यांना जमलं त्यांनी काय केलं?

जपानच्या निसानने १९८७ ते १९९१ या काळात चार गाड्या आणल्या. बी-वन, पाओ, एस-कार्गो आणि फिगारो. आज त्यांना एकत्र 'पाइक' गाड्या म्हणतात. कंपन्यांनी ठरवून रेट्रो गाड्या बनवण्याची आजची जी पद्धत आहे, तिची सुरुवात इथून धरायला हरकत नाही. जपानमध्ये तो फुगलेल्या तेजीचा काळ होता, लोकांच्या हातात पैसा होता आणि सगळ्या गाड्या चौकोनी, गुळगुळीत, एकसारख्या झाल्या होत्या.

बी-वन, पाओ आणि फिगारो यांच्या खाली निसान मार्च होती, म्हणजे जगभर मायक्रा म्हणून विकली गेलेली साधी छोटी गाडी. बदललं ते वरचं सगळं. बी-वन फक्त १०,००० बनवल्या आणि मागणी इतकी आली की सोडत काढावी लागली. फिगारो आधी ८,००० बनवायच्या होत्या, पुढे आकडा २०,००० वर गेला. फिगारोचे चार रंग, चार ऋतूंसाठी.

या सगळ्यात मला पाओ जास्त महत्त्वाची वाटते. तिच्या दरवाज्याखालच्या पत्र्यावर वळ्या आहेत आणि बिजागऱ्या बाहेरून दिसतात. टू सीव्हीसारख्या जुन्या गाड्यांमध्ये जी काटकसर होती, ती इथे फॅशन झाली. पण ती खोटी वाटत नाही, कारण पाओ कुठल्याही एका जुन्या गाडीची नक्कल नाही. निसानने पाओ नावाची गाडी आधी कधी बनवलीच नव्हती. जी गाडी कधी नव्हतीच, तिची आठवण त्यांनी तयार केली.

फिगारोचं उदाहरण आपल्या २००१ च्या काल्पनिक अटीसाठीही कामाचं आहे. दिसायला १९६० ची टुमदार कन्व्हर्टिबल, आत एक लिटरचं टर्बो इंजिन आणि तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. स्पोर्ट्स कार असल्याचा आवच नाही. गिऱ्हाइकाला शहरात छान दिसत हळूहळू फिरायचंय, एवढं एकच ओळखलं आणि बाकी सगळं त्यावरून ठरलं. छतसुद्धा पूर्ण उघडत नाही. बाजूच्या खिडक्यांची चौकट तशीच राहते, फक्त वरचा भाग मागे जातो.

बीटल, मिनी आणि थंडरबर्ड

फोक्सवॅगनने १९९४ मध्ये डेट्रॉईटच्या प्रदर्शनात 'कन्सेप्ट वन' दाखवली. जे मेज आणि फ्रीमन थॉमस यांचं डिझाइन. त्यातूनच न्यू बीटल आली. मूळ बीटलचं इंजिन मागे होतं आणि तिचा तो घुमटासारखा आकार त्या मांडणीला साजेसा होता. न्यू बीटलच्या खाली मात्र फोक्सवॅगन गोल्फ होती, म्हणजे इंजिन पुढे. घुमट तोच ठेवायचा म्हणून पुढची काच खूप पुढे गेली, डॅशबोर्ड जेवणाच्या टेबलाएवढा खोल झाला आणि मागे बसणाऱ्याचं डोकं छताला टेकायला लागलं. डॅशबोर्डवर फुलदाणी मात्र होती.

गेममध्ये हाच पेच तुम्हाला स्वतः भोगावा लागतो. बीटलसारखं इंजिन मागे टाकलंत तर वजन मागे जातं आणि वळणावर गाडीचं शेपूट सुटायला लागतं. 'चालवायला किती सोपी' हा आकडा घसरतो. इंजिन पुढे आणलंत तर आकडे सुधारतात, पण मग तो मागचा घुमट कशासाठी, याला उत्तर नाही. दोन्ही बाजूंनी काहीतरी सोडावं लागतं. काय सोडलं आणि का, यावरून परीक्षकाला स्पर्धकाची समज कळते. नुसत्या क्रोमवरून ती कळत नाही.

२००१ ची बीएमडब्ल्यूची मिनी याच कसोटीवर पास झाली. ती मूळ मिनीपेक्षा कितीतरी मोठी आहे, त्यावरून आजही टोमणे बसतात. पण इंजिन आडवं, चाकं कोपऱ्यांत, वळणावर चपळ, हे मूळचं गणित ठेवलं. म्हणून ती फक्त चेहऱ्याने मिनी राहिली नाही. फियाटने ४ जुलै २००७ ला, मूळ गाडीला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी, नवी ५०० आणली. तिचंही इंजिन मागून पुढे आलं होतं, पण लहान शहरातली लहान गाडी हे काम तेच राहिलं.

याउलट फोर्डची थंडरबर्ड. २००२ च्या मॉडेल वर्षात थाटात आली, १९५५ च्या गाडीसारखी दिसणारी, आणि २००५ पर्यंत संपलीही. शेव्हरोलेची एसएसआर, म्हणजे जुन्या पिकअपसारखी दिसणारी छत उघडणारी गाडी, तिचीही तीच गत. क्रायस्लरची पीटी क्रूझर मात्र २००० ते २०१० अशी दहा वर्षं टिकली. तिची चेष्टा कितीही झाली तरी तिच्यात सामान मावायचं.

आत्ताच सगळे मागे का वळतायत?

आत्ता रेट्रोची नवी लाट आहे आणि तिचं कारण इलेक्ट्रिक गाड्या आहेत, असं मला वाटतं.

इलेक्ट्रिक गाडीला इंजिनाचा आवाज नाही, मोठी जाळी नको. रेंज वाढवायची तर हवा कापणारा आकार लागतो, म्हणून सगळ्या गाड्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत होत चालल्यात. त्यात चीनच्या कंपन्या स्वस्त आणि चांगल्या गाड्या घेऊन युरोपात उतरल्यात. बॅटरी आणि किमतीत त्यांच्याशी भिडणं कठीण. मग युरोपच्या जुन्या कंपन्यांकडे असं काय आहे जे चिनी कंपन्यांकडे नाही? आजी-आजोबांच्या अल्बममधली गाडी.

रेनोने हेच केलं. १९७२ च्या रेनो ५ चा इलेक्ट्रिक अवतार २०२४ मध्ये आला आणि युरोपात २०२५ ची 'कार ऑफ द इयर' ठरला. अल्पीन ए२९० या तिच्या भावंडाबरोबर. या प्रकल्पाला बळ देणारे रेनोचे तेव्हाचे प्रमुख लुका दे मेओ हे २००७ ला फियाट ५०० च्या वेळी फियाटमध्ये होते. एकच माणूस, दोन कंपन्या, एकच डाव.

रेनो ५ मधला एक तपशील प्रत्येक स्पर्धकाने बघावा. मूळ गाडीच्या बॉनेटवर एका बाजूला हवेसाठी जाळी होती. इलेक्ट्रिक गाडीला त्या जाळीचा उपयोग नाही. डिझायनरनी ती जागा तशीच ठेवली आणि तिथे चार्जिंग किती झालंय ते दाखवणारा दिवा बसवला, '५' या आकड्याच्या आकाराचा. जुन्या आकाराला नवं काम मिळालं. सिएराच्या काळ्या केलेल्या भागापेक्षा मला हे उत्तर जास्त प्रामाणिक वाटतं. अर्थात, सिएराला पाच दरवाजे न देता भारतात आज कुटुंबाची एसयूव्ही विकणं अवघड होतं, हेही तितकंच खरं.

ह्युंदाईने आयोनिक ५ मध्ये आणखी वेगळी वाट घेतली. १९७४ च्या पोनी कूपे कन्सेप्टची, म्हणजे इटलीच्या जॉर्जेतो जुजारो यांच्या डिझाइनची, धारदार घडी घेतली आणि दिवे मात्र पिक्सेलसारखे चौकोनी ठिपक्यांचे केले. ज्याला पोनी माहीत नाही त्यालाही गाडी आवडते. कोरियन माणसाला आणखी थोडी जास्त आवडते.

पण इतिहासावर कुणाची मक्तेदारी राहत नाही. २०२१ मध्ये शांघायच्या प्रदर्शनात चीनच्या ग्रेट वॉल कंपनीच्या ओरा ब्रँडने 'पंक कॅट' दाखवली. सरळसरळ बीटल, फक्त चार दरवाज्यांची आणि इलेक्ट्रिक. बीटल ज्यांची, त्यांनी ती २०१९ मध्ये बंद केली होती. आठवण विकाऊ असेल तर ती कुणीही विकू शकतो, इतकंच यातून दिसतं.

आपल्याकडची आठवण कुठे आहे?

भारतात रेट्रोचा धंदा आधी जमला तो दुचाकींवर. रॉयल एनफिल्डची क्लासिक २००९ पासून विकली जातेय. २०१८ मध्ये जावा परतली. बजाजने पुण्यातून चेतक इलेक्ट्रिक रूपात आणली, तेव्हा पत्र्याची बॉडी ठेवली. प्लॅस्टिकच्या स्कूटरच्या गर्दीत हा मुद्दाम घेतलेला निर्णय होता. ज्यांच्या घरात जुनी चेतक होती त्यांना बोट वाजवून बघितल्याशिवाय राहवलं नसणार.

चारचाकीत आपला साठा लहान आहे, पण आहे. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी गेली. ती गाडी मुळात इटलीची फियाट ११००, पण कुर्ल्यात बनली आणि काळी-पिवळी होऊन मुंबईची झाली. आता समजा कुणी स्पर्धेत 'नवी पद्मिनी' बनवायला घेतली. तर तिचे पंखासारखे उचललेले मागचे कोपरे काढणं सोपं आहे. पण पद्मिनी म्हणजे आणखी काय होती? पुढे ड्रायव्हरशेजारी घुसून बसायची जागा, टपावरचं कॅरिअर आणि त्यावर बांधलेल्या वळकट्या, गॅरेजवाल्याला डोळे मिटून खोलता येणारं इंजिन. टॅक्सीच्या कामातून आलेली उंच, सरळ बसायची पद्धत. माझ्या मते कॅरिअर डिझाइनचाच भाग करणारी गाडी जिंकेल, आणि नुसते मागचे कोपरे उचलणारी पाचव्या-सहाव्या नंबरावर राहील.

यातून कुणी खरा डिझायनर होतो का?

लगेच नाही. गेममध्ये माती नसते. खऱ्या स्टुडिओत आजही क्लेचं मॉडेल बनतं, कारण प्रकाश पत्र्यावरून कसा घसरतो ते स्क्रीनवर पूर्ण कळत नाही. वायपर कुठे लपवायचा, दरवाजा उघडताना बिजागरीला जागा आहे का, पायी चालणाऱ्याला धडक बसली तर बॉनेट किती दबेल, असले प्रश्न गेम विचारत नाही. शेवटच्या प्रश्नामुळेच तर आजच्या गाड्यांची नाकं इतकी उंच आणि जाड झालीत आणि १९६० चं बुटकं, सपाट बॉनेट कायद्यात बसवणं कर्मकठीण झालंय. म्हणून नव्या रेट्रो गाड्या जुन्यांसमोर उभ्या केल्या की सुजल्यासारख्या दिसतात.

पण एक गोष्ट ही मंडळी शिकतात, जी पुण्याच्या एमआयटी किंवा एनआयडीच्या ट्रान्सपोर्टेशन डिझाइनच्या वर्गातही शिकवावीच लागते: प्रमाण. चाक बॉडीच्या मानाने केवढं, पुढचं चाक दरवाज्यापासून किती लांब, काच किती आणि पत्रा किती. १९६० च्या छोट्या गाड्यांत काच भरपूर आणि पत्रा कमी असायचा, खांब बारीक असायचे. २००१ च्या सुरक्षेच्या नियमांत खांब जाड करावेच लागतात. मग मुरलेले स्पर्धक खांब काळे करतात, छताला वेगळा रंग देतात, खिडकीची खालची रेघ जराशी खाली आणतात. म्हणजे सिएराच्या डिझायनरनी केलं तेच, फक्त आपापल्या बेडरूममध्ये बसून.

तुम्हाला असली गाडी बनवून बघायची असेल तर सुरुवातीला दिवे, जाळी, क्रोम काहीच लावू नका. नुसती बॉडी आणि चाकं ठेवा, रंग करडा ठेवा आणि बाजूने बघा. तेवढ्यावर दशक ओळखू आलं तर पुढे जा. नाही आलं, तर साचा बदला.